कोड शंभरच, दावेदार वाढते

गेल्या अंकात खासगी फाइव्ह-जी नेटवर्कवर, म्हणजे कारखान्यांसारख्यांनी स्वतःपुरत्या उभारलेल्या मोबाइल नेटवर्कवर लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं: 'अशा प्रत्येक नेटवर्कला स्वतंत्र कोड देत बसलो, तर कोड संपायला वेळ लागणार नाही.' हा कोड म्हणजे सिम कोणत्या नेटवर्कचं आहे ते सांगणारे दोन-तीन अंक. त्या वाक्यावर एवढी पत्रं आली, की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. सारख्या धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं एका मोबाइल कंपनीच्या रोमिंग विभागात गेली. त्यामुळे उत्तरं फिरून फिरून रोमिंगपाशी येतील, पण या कोडांची खरी कसोटी लागते तीही तिथंच.

प्रश्न : ताई, फोनमध्ये इंटरनेटची एपीएन सेटिंग उघडली की 'एमसीसी' आणि 'एमएनसी' अशा दोन चौकटी दिसतात. त्यांत आकडे आधीच भरलेले असतात. ते माझ्या मोबाइल नंबरात तर कुठेच नाहीत. मग ते कुणाचे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : ते आकडे तुझ्या सिमचे आहेत. प्रत्येक सिममध्ये जास्तीत जास्त १५ अंकांचा एक ओळख क्रमांक असतो. कागदावर त्याला आयएमएसआय लिहितात, बोलताना सगळे 'इम्सी' म्हणतात. त्यातले पहिले तीन अंक देशाचे, म्हणजे एमसीसी. जपानचे ४४० आणि ४४१, ब्रिटनचे २३४ आणि २३५, भारताचे ४०४ आणि ४०५ वापरात आहेत. पुढचे दोन किंवा तीन अंक त्या देशातल्या एखाद्या नेटवर्कचे, म्हणजे एमएनसी. उरलेले अंक त्या नेटवर्कमधल्या तुझ्या एका सिमचे. देशाचे कोड आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आपल्या ई.२१२ या शिफारशीनुसार देतो. नेटवर्कचे कोड त्या त्या देशातली नियामक यंत्रणा वाटते.

मोबाइल नंबर लोकांनी तुला फोन करण्यासाठी असतो, इम्सी नेटवर्कनं तुला ओळखण्यासाठी असते. नंबर तोच ठेवून कंपनी बदललीस, तरी नवं सिम मिळतं आणि त्याबरोबर इम्सीही बदलते.

परदेशात विमानातून उतरून फोन चालू केलास, की काय होतं बघ. तिथले टॉवर आपापल्या नेटवर्कचा कोड हवेत सतत सांगत असतात. तुझा फोन ते कोड ऐकतो आणि सिममधल्या यादीशी ताडून एखादं नेटवर्क निवडतो. मग तो स्वतःची ओळख पाठवतो. रोमिंगच्या चाचण्या घेताना हा संदेश मी पडद्यावर रोज पाहायचे. त्या क्षणी परक्या नेटवर्कच्या हातात फक्त इम्सी असते. ग्राहकाचं नाव त्याला माहीत नसतं, नंबरही नसतो, तो कोणत्या कंपनीचा तेही नसतं. ते पहिले पाच किंवा सहा अंक वाचतं, स्वतःच्या तक्त्यात त्यांच्यासमोर लिहिलेला पत्ता शोधतं आणि त्या पत्त्यावर विचारतं, की हे सिम तुमचं का, याला सेवा देऊ का. तिकडून होकार आला की फोनवर रेघा उमटतात. तक्त्यात ते पाच-सहा अंक नसतील, तर विचारणार कुणाला? चौकशी तिथंच संपते.

प्रश्न : मी गणित शिकवतो. १५ अंकांत एकावर पंधरा शून्यं एवढे क्रमांक बसतात. जगातल्या प्रत्येक माणसाला लाखावर सिम दिली तरी ते संपायचे नाहीत. मग तुम्ही टंचाईची भाषा कशी करता?

उत्तर : सर, गणित अगदी बरोबर आहे, पण हे अंक सलग वापरता येत नाहीत. ते तीन कप्प्यांत वाटलेले आहेत आणि एका कप्प्यातली शिल्लक दुसऱ्याच्या कामाला येत नाही.

दोन अंकी एमएनसी घ्या. ०० ते ९९, म्हणजे देशाच्या एका कोडाखाली १०० नेटवर्कं. यातल्या प्रत्येक नेटवर्कला मागे १० अंक उरतात, म्हणजे १००० कोटी इम्सी. पृथ्वीवरची माणसं साधारण ८०० कोटी. याचा अर्थ, एका नेटवर्कला एक कोड दिला की साऱ्या मानवजातीला पुरून उरतील एवढ्या इम्सी त्याच्या नावावर झाल्या. त्यातल्या बहुतेक कधीच वापरात येणार नाहीत आणि दुसऱ्या कुणाला देताही येणार नाहीत. टंचाई आहे ती मधल्या दोन अंकांची. सिम किती आहेत यानं कोड संपत नाहीत. स्वतंत्र ओळख मागणारी नेटवर्कं किती आहेत, यानं संपतात.

हा ढाचा १९८८ च्या ई.२१२ शिफारशीतला आहे. जीएसएम या डिजिटल मोबाइल तंत्राची पहिली व्यावसायिक सेवा फिनलंडमध्ये सुरू झाली ती १९९१ मध्ये. त्या काळी एका देशात एखाद-दुसरी मोबाइल कंपनी असायची, फार तर तीन-चार होतील असं दिसत होतं. त्या हिशेबानं १०० ही उदार तरतूद होती आणि ती करणाऱ्यांना मी बोल लावणार नाही. पुढं स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याच्या नेटवर्कवर सेवा विकणाऱ्या कंपन्या आल्या. रेल्वेनं गाडीचे चालक आणि नियंत्रण कक्ष यांच्यासाठी जीएसएम-आर हे स्वतःचं नेटवर्क उभारलं. जर्मन रेल्वेचा कोड २६२-१०, ब्रिटनच्या रेल्वेचा २३४-१२. तिथं सिम असतात ती इंजिनांत आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या हातात, पण कोड मात्र कोट्यवधी ग्राहकांच्या कंपनीला लागतो तसाच एक अख्खा. मग पोलीस आणि अग्निशमन दलांची आणीबाणीची नेटवर्कं आली. वीजमीटर, गाड्या, लिफ्ट यांना सिम पुरवणारे आले. आता बंदरं, खाणी, विमानतळ, कारखाने स्वतःची नेटवर्कं उभारत आहेत. युरोपातल्या नियामकांच्या सीईपीटी या मंचानं २०१४ मध्येच नेटवर्क कोडांच्या बदलत्या वापरावर एक अहवाल काढला होता. तेव्हा खासगी फाइव्ह-जीचा जन्मही झालेला नव्हता.

'देशाला आणखी एक कोड द्या' हा उपाय आहे, आणि काही देशांनी तो केलाही आहे. अमेरिकेकडे ३१० ते ३१६ असे सात कोड आहेत. पण देशांच्या कोडांनाही सीमा आहे. पहिला अंक भूभाग सांगतो: २ युरोपचा, ३ उत्तर अमेरिका आणि कॅरिबियनचा, ४ आशियाचा, ६ आफ्रिकेचा, आणि असं ७ पर्यंत. २०० ते ७९९ या सहाशेंत दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश सामावलेले आहेत. आज प्रत्येकानं 'माझे संपले, आणखी द्या' म्हटलं, तर उद्या हा कप्पाही भरेल.

प्रश्न : आम्ही काही सहकारी मिळून तुमचं सदर वाचतो. आमचा एक साधा प्रश्न : सगळ्यांनी तीन अंकी एमएनसी करून टाकावा. शंभराचे हजार होतील. अमेरिकेत तीन अंकीच आहेत ना? (नेटवर्क देखभाल विभागातले एक कर्मचारी)

उत्तर : अमेरिकेत तीन अंकी आहेत. नव्याकोऱ्या देश-कोडाखाली पहिल्या दिवसापासून तीन अंकी सुरुवात केली, तर हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. मागे ९ अंक उरतात, म्हणजे १०० कोटी इम्सी, आणि त्या कुणालाही पुरतील. अडचण येते ती जिथं दोन अंकी कोड आधीच वापरात आहेत तिथं. तुमचं कामच नेटवर्कचं आहे, म्हणून जरा खोलात जाते.

इम्सी ही अंकांची सलग माळ असते. मध्ये स्वल्पविराम नसतो. देश-कोडानंतर ४, ५, ३ असे अंक आले, तर नेटवर्क ४५ आहे की ४५३, हे त्या माळेकडे पाहून कळत नाही. म्हणून ४५ हा दोन अंकी कोड एकदा दिला, की त्याच देश-कोडाखाली ४५० ते ४५९ हे दहाही तीन अंकी कोड बाद होतात. नाहीतर एकाच इम्सीवर दोन मालक हक्क सांगतील.

सिममध्ये याची सोय आहे. तिथल्या एका छोट्या फाइलमधला चौथा बाइट एमएनसी दोन अंकी आहे की तीन अंकी एवढंच सांगतो. पण जुन्या जीएसएम सिममध्ये तो बाइट सक्तीचा नव्हता, कित्येक सिममध्ये तो नसेच. मग फोनला स्वतःच्या तक्त्यावरून ठरवावं लागतं. भारताच्या ४०५ या कोडाखाली दोन अंकी आणि तीन अंकी असे दोन्ही एमएनसी दिलेले आहेत. त्याचा परिणाम अँड्रॉइडच्या मूळ प्रोग्रॅममध्ये दिसतो : 'खालील कोड तीन अंकी समजावेत' अशी एक यादी तिथं हातानं लिहून ठेवलेली आहे आणि तिच्यात ४०५ नं सुरू होणाऱ्या कोडांची लांबलचक रांग आहे. ही यादी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा कोडवाटपाचा एक निर्णय किती दूरवर जाऊन पोचतो ते मला समजलं. तो निर्णय झाला होता नियामकाच्या टेबलावर, आणि त्याची किंमत फोनचा प्रोग्रॅम लिहिणारा कुणी अनोळखी माणूस मोजत होता.

फोर-जीपासून आणखी एक गोम आहे. दोन नेटवर्कं एकमेकांना शोधतात ती इंटरनेटसारख्या पत्त्यानं, आणि त्या पत्त्यात एमएनसी कायम तीन अंकी लिहायचा असतो. दोन अंकी असेल, तर पुढं शून्य जोडतात. म्हणजे ४५ चं झालं ०४५. आता त्याच देशात कुणाला ०४५ हा तीन अंकी कोड दिलेला असेल, तर दोघांचा पत्ता एकच! माळेत ४५ आणि ०४५ वेगळे दिसतात, पत्त्यात ते एक होतात. तीन अंकी कोड नव्यानं वाटणाऱ्यानं हा एक मुद्दा तपासला नाही, तर गोंधळ दिसेल तो त्याच्या देशात नाही, रोमिंगला गेलेल्या ग्राहकाच्या फोनवर दिसेल.

तेव्हा माझं उत्तर असं : चालू दोन अंकी कोडांना हात लावू नये. त्याच देश-कोडाखाली सरमिसळही करू नये. कोड संपत आल्याचं दिसू लागलं, की वेळेत दुसरा देश-कोड मागून घ्यावा आणि तो पहिल्यापासून तीन अंकी ठेवावा. 'वेळेत' या शब्दावर माझा जोर आहे. शेवटचे पाच कोड उरल्यावर घाईनं केलेल्या वाटपाचं ओझं पुढं वर्षानुवर्षं वाहावं लागतं.

प्रश्न : आमच्या कारखान्यात खासगी फाइव्ह-जी बसवायचं चाललं आहे. स्वयंचलित गाड्या, कॅमेरे, यंत्रांवरचे सेन्सर असा सगळा पसारा आहे. सल्लागार म्हणतात, स्वतःचा एमएनसी मागून घ्या, भविष्यात उपयोगी पडेल. मागावा का? (एका कारखान्याच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख)

उत्तर : तुम्हाला एकच विचारते. तुमची यंत्रं कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन दुसऱ्याच्या नेटवर्कवर बोलणार आहेत का?

नसतील, तर जगभर एकमेव असणाऱ्या कोडाची तुम्हाला गरज नाही. पहिल्या उत्तरात सांगितलं तसं, त्या कोडाचं काम परक्या नेटवर्कला तुमचा पत्ता सांगणं हे आहे. कुणी परकं विचारणारच नसेल, तर तो कोड नुसता अडकून पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं खासगी नेटवर्कच्या अंतर्गत वापरासाठी ९९९ हा देश-कोड मोकळा ठेवला आहे. त्याखालचा एमएनसी कुणी वाटत नाही, आपला आपण निवडायचा. अट एवढीच, की तो कोड तुमच्या नेटवर्कपुरता राहील, त्यावर रोमिंग होणार नाही.

शेजारच्या कारखान्यानंही तोच आकडा निवडला तर? ही काळजी रास्त आहे. तुमची गाडी कुंपणाजवळ गेली, की तिला शेजारच्या टॉवरवर ओळखीचा कोड दिसेल आणि ती तिकडे जोडून घ्यायला पाहील. तिकडच्या यंत्रणेत तिच्या सिमची गुप्त किल्ली नसल्यामुळे तिला नकार मिळेल, म्हणजे घुसखोरी होणार नाही. पण त्या नकारात वेळ जातो, आणि चालत्या गाडीसाठी तेवढा वेळही महाग. फाइव्ह-जीमध्ये यावर उपाय आहे. मोबाइलची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या मंचाच्या मानकांच्या सोळाव्या आवृत्तीपासून स्वतंत्र खासगी नेटवर्कला देश-कोड आणि एमएनसी यांच्या जोडीला ४४ बिटांची आणखी एक ओळख लावता येते, तिला एनआयडी म्हणतात. टॉवर ती ओळखही हवेत सांगतो. कोड समान असला, तरी एनआयडी वेगळी ठेवली की तुमची यंत्रं आपलं घर चुकत नाहीत. यंत्रं खरेदी करतानाच ती एनआयडी वाचतात का, हे लेखी विचारून घ्या. सगळी वाचत नाहीत.

यंत्रं फाटकाबाहेर जाणार असतील, तर मधला रस्ता आहे : एक कोड अनेकांत वाटून घेणं. अमेरिकेनं ३.५ गिगाहर्ट्‌झच्या सीबीआरएस या, अनेकांनी वाटून वापरायच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यासाठी तो घेतला. ३१५-०१० हा एकच कोड सगळ्यांत सामाईक ठेवला. त्यानंतरचे चार अंक प्रत्येक नेटवर्कला वेगळे दिले आणि शेवटचे पाच अंक त्या नेटवर्कच्या सिमसाठी सोडले. एका कोडात दहा हजार गट झाले, प्रत्येक गटात एक लाख सिम. एका कारखान्याला लाख सिम भरपूर होतात. या विषयातली ही मला सर्वांत आवडणारी व्यवस्था आहे, कारण जिथं अंक वाया जात होते त्याच कप्प्यातून तिनं जागा काढली.

ती फुकट मात्र मिळत नाही. परकं नेटवर्क सहा अंक वाचून पत्ता शोधतं, आणि सामाईक कोडात सहा अंकांवर दहा हजार जणांचा पत्ता एकच निघतो. म्हणजे कुणीतरी पुढचे चार अंकही वाचून निरोप योग्य घरी पोचवायला हवा. हे काम एखाद्या तटस्थ, सामाईक केंद्राकडे असावं, असं माझं मत आहे. ते नसेल तर सामाईक कोड कागदावर छान दिसतो आणि रोमिंगच्या वेळी निरुपयोगी ठरतो. शिवाय टॉवरवरून सगळीच नेटवर्कं एका कोडाची दिसतात, म्हणून इथंही जोडीला वेगळी ओळख प्रक्षेपित करावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी सल्लागार सहसा सांगत नाहीत. फाइव्ह-जीमध्ये सिमची ओळख सांकेतिक रूपात पाठवता येते, म्हणजे हवेत कान लावून बसलेल्याला इम्सी कळू नये. पण झाकले जातात ते फक्त शेवटच्या कप्प्यातले अंक. देश-कोड आणि एमएनसी उघडेच राहतात, कारण ते वाचल्याशिवाय निरोप कुठं न्यायचा हे कळणार नाही. मोठ्या कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांमध्ये एमएनसी उघडा राहून बिघडत नाही. तोच कोड फक्त तुमच्या दोनशे माणसांचा असेल, तर रस्त्यावर तो दिसताच 'हा त्या कारखान्यातला माणूस' हे उघड होतं. स्वतःचा कोड मिरवण्याजोगा वाटतो, पण लहान गटाला तो उलट उघडं पाडतो.

प्रश्न : तुमचं सगळं पटलं, पण तुम्ही मोठ्या कंपन्यांची बाजू घेत आहात असं वाटतं. आम्ही लाखो मीटर बसवले. प्रत्येकात एका कंपनीचं सिम आहे. दर वाढवले तरी आम्ही सोडून जाऊ शकत नाही, कारण सिम बदलायला प्रत्येक मीटरपाशी माणूस पाठवावा लागतो. आम्हाला स्वतःचा कोड का नको? (मीटर जोडणी क्षेत्रातले एक अभियंता)

उत्तर : तुम्हाला हवा, आणि माझ्या मते मिळायलाही हवा. टंचाईचं कारण पुढं करून जुन्या कंपन्यांनी नव्यांना दारात अडवावं, हे मला मुळीच मान्य नाही. तुमची यंत्रं भिंतीत दहा-पंधरा वर्षं बसणार, परक्यांच्या टॉवरवर बोलणार आणि संख्येनं लाखोंत आहेत. आधीच्या प्रश्नातली कसोटी तुम्ही पार करता. नेदरलँड्सनं २०१४ मध्ये नियम बदलून मोबाइल कंपनी नसलेल्या अशा मोठ्या वापरकर्त्यांनाही स्वतःच्या इम्सी वापरण्याची वाट मोकळी केली. स्मार्ट मीटर हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. सिम तुमचं आणि टॉवर भाड्याचे, असं झालं की दर वाढल्यावर टॉवर बदलता येतात, मीटर उघडावा लागत नाही.

अर्ज करण्याआधी कोडाबरोबर काय काय येतं ते मात्र बघा. कोड हातात आला म्हणजे नेटवर्क झालं नाही. सिमच्या किल्ल्या आणि नोंदी ठेवणारी यंत्रणा तुम्हाला स्वतः चालवावी लागेल किंवा भाड्यानं घ्यावी लागेल. मग तुमचा कोड इतर प्रत्येक नेटवर्कच्या तक्त्यात चढवून घ्यावा लागेल. रोमिंगमधल्या कंपन्या आपले कोड आणि पत्ते आयआर.२१ नावाच्या दस्तऐवजात लिहून एकमेकांना देतात. तो पोचला, की समोरच्यानं आपल्या यंत्रांत नवा कोड उघडायचा असतो. तो उघडेपर्यंत फार पाठपुरावा करावा लागतो. नव्या कोडाची सिम घेऊन मी चाचणीला बसले, की एखाद्या भागीदार कंपनीकडे हमखास हेच दिसायचं : दस्तऐवज मिळाल्याची पोच आलेली, करारावर सह्या झालेल्या, आणि सिम मात्र 'सेवा नाही' दाखवतं. पडद्यावर पाहावं तर विचारणा त्यांच्या यंत्रणेच्या बाहेरच पडलेली नाही, कारण कुठल्यातरी एका यंत्रातल्या तक्त्यात आमचे पाच अंक कुणी भरलेलेच नाहीत. मग फोन, ईमेल, पुन्हा चाचणी. मोठ्या कंपनीच्या मागण्याला वजन असतं. तुमच्यासारख्या नवख्याची ओळ कुणी किती तत्परतेनं भरेल, याचा विचार आधी करून ठेवा.

दुसरा पर्याय ई-सिमचा. त्यात दुरूनच एका कंपनीची ओळख पुसून दुसरीची घालता येते, म्हणजे अडकून पडण्याचं तुमचं मुख्य दुःख बऱ्याच अंशी दूर होतं आणि कोडही लागत नाही. नवे मीटर बसवणार असाल, तर मी आधी हा मार्ग तपासेन. जुन्या मीटरांतली साधी सिम कशीही केली तरी एकदा बदलावीच लागणार आहेत, कारण त्यांतली इम्सी दुसऱ्याच्या कोडातली आहे. बदलायचीच आहेत तर त्यांत काय घालायचं, हा निर्णय एकदाच आणि नीट करा.

प्रश्न : बंद पडलेल्या आणि एकमेकांत विलीन झालेल्या कंपन्यांचे कोड परत का घेत नाहीत?

उत्तर : घ्यायला हवेत, पण दिसतं तेवढं ते सरळ नाही. दोन कंपन्या एक झाल्या, तरी लोकांच्या फोनमधली सिम जुन्याच कोडाची राहतात. 'हाही कोड आपल्या घरचाच समज' अशी यादी सिममध्ये घालता येते, त्यामुळे ग्राहकाला काही जाणवत नाही. पण शेवटचं जुनं सिम बदललं जाईपर्यंत कोड मोकळा होत नाही. आणि शेवटचं सिम म्हणजे कुठल्यातरी लिफ्टच्या आपत्कालीन फोनमधलं किंवा शेतातल्या पंपावरचं, ज्याची आठवण कुणालाच नसते.

कोड मोकळा झाल्यावरही तो लगेच दुसऱ्याला देऊ नये. जगभरच्या तक्त्यांत जुना पत्ता पडून असतो. नव्या मालकाच्या ग्राहकाची चौकशी जुन्या, बंद दारावर जाऊन परत येते. म्हणून तो काही काळ पडीक ठेवावा लागतो.

माझी मागणी याहून सोपी आहे. प्रत्येक कोडधारकानं दरवर्षी एवढंच लिहून द्यावं, की या कोडावर किती सिम चालू आहेत, कशासाठी आणि कुठं. ज्यानं कोड घेतला आणि ठरलेल्या मुदतीत सेवाच सुरू केली नाही, त्याचा कोड परत घ्यावा. पुढं-मागं उपयोगी पडेल म्हणून घेऊन ठेवलेले कोड अशा नोंदीत लगेच उघडे पडतात, आणि त्यांच्यावर एकही सिम नसल्यामुळे ते परत घेताना कुणाचा फोन बंद पडत नाही.

प्रश्न : जहाज, विमान, उपग्रह यांना कोणत्या देशाचा कोड? (आठवीतला एक वाचक)

उत्तर : छान प्रश्न! त्यांच्यासाठी कुठल्याच देशाचा नसलेला ९०१ हा कोड आहे, आणि तो अनेकांत वाटलेला आहे. इरिडियम उपग्रह सेवेचा ९०१-०३, थुरायाचा ९०१-०५, इनमारसॅटचा ९०१-११. याखालचे कोड कुठल्याही देशाची सरकारी यंत्रणा देत नाही, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ स्वतः देतो. इथंही एमएनसी दोन अंकीच आहेत, म्हणजे साऱ्या जगाला मिळून शंभर.

तुझ्या पिढीसमोरचा पेच इथून पुढचा आहे. आता उपग्रह थेट साध्या फोनशी बोलू लागले आहेत, आणि उपग्रहाचा एक झोत सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच वेळी पडतो. त्या झोतानं कोणता कोड सांगायचा? एक मार्ग असा, की खालच्या देशातल्या भागीदार कंपनीचाच कोड सांगायचा. फाइव्ह-जीच्या एका टॉवरला किंवा झोताला बारापर्यंत नेटवर्कांचे कोड सांगता येतात, फोर-जीमध्ये सहापर्यंत. म्हणून झोतात दोन-तीन देश आले, तरी प्रत्येकाचा कोड सांगता येतो. मग फोन नेमका कोणत्या देशाच्या जमिनीवर उभा आहे, हे नेटवर्कनं तपासायचं आणि चुकीच्या देशाचा कोड निवडला असेल, तर त्याला नकार द्यायचा. भागीदार असतील तिथं हा मार्ग चांगला, कारण त्यात नवा कोड लागत नाही. भर समुद्रात, जिथं कुठल्याच देशाची कंपनी नसते, तिथं ९०१ ला पर्याय नाही. म्हणून ते शंभर कोड तेवढ्यासाठीच राखून ठेवावेत, असं मला वाटतं.